सोळा सेंटिमीटर

मास्तर रोज सकाळी पेपर वाचायचे नाहीत, मोजायचे. कटिंगच्या टेबलावर तो सपाट पसरायचा, गळ्यातली टेप काढायची, एकेका जाहिरातीची उंची घ्यायची, ती किती कॉलम रुंद आहे त्याने गुणायचं आणि आकडा पेन्सिलीने तिच्याच कोपऱ्यात लिहायचा. सगळ्या पानांची बेरीज गणिताच्या निवृत्त बाईंच्या वहीत जायची. दोन-चार दिवसांनी त्याच पानांवर कोणाच्या तरी पँटचा नमुना आखला जायचा आणि कात्री फिरायची.

ही पद्धत मास्तरांच्या डोक्यातून निघालेली. पेपर जाहिरातींवर चालतो हे त्यांना ठाऊक होतं. कंपनीचे आकडे तीन महिन्यांनी बाहेर येतात, तेही कोणाला कळणार नाही अशा भाषेत. टेप मात्र रोज खरं सांगते, असं त्यांचं म्हणणं. कंपनीकडे तो पेपर होता, एक रेडिओ होता आणि वर्षभरापूर्वी बंद पडलेलं एक चॅनल. मास्तरांनी तिचे शेअर बत्तीसच्या भावाने घेतले. त्यांचं बघून बाईंनी घेतले आणि बाईंचं बघून समोरच्या केमिस्टने. माझ्याकडेही थोडे होते. मी त्या पेपरात एकतीस वर्षं पानं लावली, म्हणजे बातम्या आणि जाहिराती पानावर बसवायचं काम केलं. एका वर्षी त्यांनी बोनसच्या जागी शेअर हातावर ठेवले. मी काही अक्कल चालवून घेतलेले नाहीत.

दुकानात मी पहिल्यांदा गेलो तो कोट आणायला. पाच महिन्यांपूर्वी बायको गेली. त्याआधी तिने आपल्या कोटाच्या बाह्या आखूड करायला टाकल्या होत्या. पावती पर्समध्ये सापडली. काम झालं असेल तर कोट आणायला हवा, एवढाच विचार मी केला. मास्तरांनी तो घडी करून दिला, पैसे घेतले नाहीत आणि बसा म्हणाले. मी बसलो. टेबलावर मोजणं चाललं होतं. मी त्याच पेपरात नोकरीला होतो हे कळल्यावर बाईंनी चष्मा पुसून परत लावला.

"म्हणजे तुम्ही आतले," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही मी गेलो.

घरी मला काही होत नव्हतं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, झोप मात्र भरपूर यायची. मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, कसं वाटतंय?" आणि मला काय वाटतंय ते शोधूनही सापडायचं नाही. मी ठीक म्हणायचो. दहा वाजता दुकानात जायचं, इस्त्रीच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसायचं, बेरीज ऐकायची. तिथे माझं मत विचारलं जायचं. घरात मत विचारणारं आता कोणी नव्हतं, आणि होतं तेव्हा मी धड उत्तर देत नसे ही गोष्ट वेगळी.

मास्तरांचं त्या शेअरमध्ये दुकान अडकलं होतं. खोली भाड्याची. मालकाला ती विकून मोकळं व्हायचं होतं. या महिन्याच्या अखेरीपर्यंत पहिला हक्क तुमचा, मग मी बाहेर विकणार, असं त्याने मास्तरांना सांगून ठेवलेलं. अर्धे पैसे मास्तरांकडे होते, उरलेले अर्धे शेअरमध्ये. सव्वीस वर्षं ते त्या खोलीत शिवत होते. अख्ख्या गल्लीची मापं कपाटातल्या वह्यांत होती. कोण किती सुटलं आणि कोण किती वाळलं, सगळं तारखेसकट. "खोली गेली तर घरी बसून स्वतःच्याच शर्टाला बटणं लावीन," असं ते हसत म्हणायचे.

चार महिन्यांपूर्वी पडलेला भाव अचानक सव्वीसपर्यंत चढला होता. तेव्हा मास्तर विकायला निघाले होते. थोडे कमी पडत होते, ते मेव्हणा घालणार होता. निघता निघता त्यांनी मला विचारलं, "काका, तुम्ही सांगा. विकू?" त्या दिवशी बेरीज पहिल्यांदाच अकराशेच्या वर गेली होती. मी म्हणालो, "आकडा तर वाढतोय." ते काही खोटं नव्हतं. मास्तरांनी बूट काढले आणि परत मशीनवर बसले.

त्यानंतर भाव घसरत घसरत बारावर आला. मग एका मोठ्या कंपनीने जाहीर केलं की आम्ही चौदाने शेअर विकत घेतो, ज्याला द्यायचे असतील त्याने शुक्रवारी चारच्या आत फॉर्म भरावा. फॉर्म ब्रोकरच्या ऑफिसात द्यायचा होता, दोन गल्ल्या सोडून. शुक्रवारी सकाळी आम्ही चौघं दुकानात जमलो.

"चौदा म्हणजे चेष्टा आहे," बाई म्हणाल्या. वहीत त्यांनी लाल पेन्सिलीने आलेख काढला होता. "आठ महिन्यांपूर्वी सातशे. आज चौदाशे. जाहिरात दुप्पट झाली आणि भाव निम्म्याच्या खाली? बाजाराला अजून कळलेलं नाही. त्या मोठ्या कंपनीला कळलंय, म्हणून तर घ्यायला निघालेत."

"बाजाराला कळलं नाही आणि आपल्याला शिलाईच्या दुकानात बसून कळलं," केमिस्ट म्हणाला. तो दुकान बायकोवर सोपवून आला होता आणि सारखा रस्त्यापलीकडे बघत होता. "बाई, चॅनल बंद पडलं. माणसं काढली. गालावर लाली दिसते म्हणून पेशंट बरा म्हणायचा का? लाली तापानेही येते."

"तुमच्याकडे धीर नाही."

"नाहीच आहे. मी विकतोय. तुम्ही तुमचं बघा."

मास्तरांनी खडूने टेबलावर काहीतरी मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं. "चौदाने विकले तर खोली जातेच," ते म्हणाले. "ठेवले आणि दोन आठवड्यांत तिशीला गेले तर राहते. तसंही जाणारच असेल तर ठेवायला काय हरकत आहे?" मग ते माझ्याकडे वळले. "काका, तुम्ही आतले. शेवटचं तुम्ही सांगा."

मी टेबलावरच्या पेपराकडे बघत राहिलो तेव्हा त्यांना वाटलं, मला जुनी पानं बघायची असतील. टेबलाखालच्या खणात न कापलेले पेपर असायचे. त्यांनी गठ्ठा वर काढला. सगळ्यात खाली एक पान वेगळं ठेवलेलं होतं, कपड्याच्या पारदर्शक पिशवीत.

"याला कात्री लावली नाही," ते म्हणाले. "तुम्हाला द्यायचं होतं. कसं द्यावं ते कळेना."

बायकोच्या निधनाची जाहिरात होती. ऑफिसातल्या जुन्या लोकांनी छापलेली. फोटो पासपोर्टचा, तिला अजिबात न आवडणारा. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, ८ × २ = १६.

"आधी मोजली," मास्तर म्हणाले. "सवयीने. मग फोटो बघितला. काकूंचं माप माझ्याच वहीत आहे, आणि मी आधी टेप लावली. राग मानू नका."

मला वाटलं, आता तरी आत काहीतरी हलेल. हललं नाही. फक्त आकडा चुकलाय हे दिसलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "हे सोळा वजा करा."

"का?"

"याचे पैसे आले नाहीत. स्टाफच्या घरचं असलं की फुकट छापतात."

"सोळाने काय फरक पडतो," बाई म्हणाल्या, पण खोडरबर शोधायला लागल्या.

मी मास्तरांच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि त्या दिवशीचा पेपर पुढे ओढला. अर्ध्या पानाची ॲपची जाहिरात, ती कंपनीची स्वतःचीच. तिच्यावर काट मारली. रेडिओची, तीही घरचीच. हॉटेलची, तिचे पैसे मिळत नाहीत, साहेबांना राहायला खोल्या मिळतात. फर्निचरवाल्याची गेल्या वर्षीची, एक दिली की तीन फुकट. काट मारता मारता मी सांगत गेलो. पान रिकामं सोडता येत नाही. जाहिरात विकली गेली नाही की भोक पडतं, आणि ते बुजवायला प्रत्येक मापाच्या आयत्या जाहिराती कॉम्प्युटरमध्ये तयार असतात. वार्ताहर काढले, बातम्या कमी झाल्या, भोकं मोठी झाली. पेपर जसजसा पोकळ होत गेला तसतसा आपला आकडा वाढत गेला. त्या आयत्या जाहिरातींचा साठा मीच करून ठेवलेला होता.

बाईंनी उरलेल्या जाहिरातींची बेरीज केली. चौदाशेतले दोनशे नव्वद. त्यांनी ती दोनदा तपासली आणि लाल पेन्सिल डबीत ठेवली. केमिस्टला बोलायची आयती संधी होती, पण त्याने फक्त फॉर्म मास्तरांपुढे सरकवला.

"हे तुम्हाला आज लक्षात आलं?" मास्तरांनी विचारलं.

हो म्हणायला काही लागत नव्हतं. तिघांनीही ते मान्य केलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "पहिल्याच दिवशी."

"सव्वीस भाव होता तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विकले असते तर मोजणं थांबलं असतं. मग मी सकाळी कुठे गेलो असतो?" बस किती वाजता सुटते ते सांगावं तसं मी हे सांगितलं.

मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी बाईंचं पेन घेऊन फॉर्मवर सही केली, बूट घातले आणि केमिस्टबरोबर निघून गेले. टेप गळ्यातच होती. बाईंनी वही पिशवीत टाकली. दारापाशी थांबून त्या म्हणाल्या, "नुसतं बसायला आला असतात तरी तुम्हाला कोणी उठवलं नसतं." मग त्याही गेल्या. मी बायकोच्या जाहिरातीचं पान काखेत घेतलं, दुकान उघडं टाकून जाणं बरं नव्हे म्हणून मास्तर परत येईपर्यंत थांबलो आणि ते आल्यावर घरी आलो.

सोमवारी दहा वाजता पाय आपोआप तिकडे वळले. स्टुलावर कापडांचा ढीग होता. पेपर उघडलेला नव्हता, सुतळीने बांधून ठेवला होता. बाई नव्हत्या. मास्तर मशीनवर होते. त्यांनी शिवण पूर्ण केली, दोरा तोडला आणि मग वर बघितलं.

"काही शिवायचंय का?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले नाहीत.

"शर्ट," मी म्हणालो. मला शर्टाची काही गरज नव्हती.

ते उठले. दोन्ही खांदे धरून त्यांनी मला उजेडाकडे वळवलं. गळा घेतला, खांदा घेतला, बाही घेतली. आकडे स्वतःशीच बोलत ते खडूने टेबलावर लिहीत होते. त्यांची बोटं मानेला लागली आणि माझ्या लक्षात आलं की पाच महिन्यांत मला कोणी हात लावलेला नाही. ह्या माणसाचं दुकान मी घालवलं होतं आणि तो माझी कॉलर बेतशीर यावी म्हणून माझी मान सरळ करत होता. मला लाज वाटली. इतक्या महिन्यांनी काहीतरी वाटलं ते हे.

"श्वास रोखू नका," ते म्हणाले. "माप चुकेल."

मी श्वास सोडला. त्यांनी वही उघडली. ज्या पानावर काकू म्हणून बायकोचं माप होतं, त्याच पानावर, त्याच्याखाली, माझं उतरवून घेतलं. मग पावती फाडली.

"पैसे आगाऊ लागतील," ते म्हणाले. "आणि महिनाअखेरच्या आत घेऊन जा. नंतर मी इथे नसेन."