पुढच्या सीटवरचा माणूस

“डावीकडं मेंढ्या आहेत. तीसेक तरी असतील,” पुढच्या सीटवरून ऑल्विन म्हणाला.

“मेंढ्या? मग वास डुकरांचा कसा येतोय रे?” मागच्या सीटवरून डोरीननं विचारलं.

“डुकरं पलीकडं आहेत.”

“आणि मेंढ्यांनी आज मौन धरलंय वाटतं!” डोरीन हसली. ऑल्विन हसला नाही.

डिसेंबरची दुपार कलली होती. इंग्लंडमधल्या हेरफर्डशर परगण्यातल्या सफरचंदांच्या बागा उघड्याबोडक्या उभ्या होत्या आणि कुंपणांच्या सावलीत सकाळचं दव अजून गोठलेलंच होतं. ऑल्विन प्रोबर्ट बस डेपोतला निवृत्त मेकॅनिक. डोरीन ग्विलियम जन्मांध, गावच्या चॅपलात गाणारी. या लांबलचक, दोन सीटांच्या सायकलवर दोघं वीस वर्षं फिरत होती. हँडल, ब्रेक आणि डोळे ऑल्विनचे, पाय दोघांचे, गळा डोरीनचा. चढ लागला की ती प्रभूचं एखादं स्तोत्र उचलायची. देवानं तिला डोळ्यांऐवजी असा गळा दिला होता, की टेकडीसुद्धा थोडी वाकायची. ध्रुवपदाला ऑल्विन धापा टाकत साथ करायचा.

आजची फेरी दोनशे किलोमीटरची होती. ठरल्या वेळेत पुरी करायची आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर कार्डावर शिक्का घ्यायचा. जानेवारीपासून दर महिन्याला एक, अशा अकरा झाल्या होत्या. आजची बारावी झाली की वर्ष पुरं. असं पुरं वर्ष यापूर्वी दोनदा त्यांच्या हातून निसटलं होतं.

वळणावर चाक खड्ड्यात धाडकन आदळलं. पुढचा खड्डा ऑल्विन नेहमी आधी ओरडून सांगायचा. आज सांगितला नाही. समोरून मोटारीचा हॉर्न कर्कश वाजला, सायकल काटेरी कुंपणाला घासत गेली. डोरीनचं स्तोत्र अर्ध्या ओळीवरच तुटलं.

पुढच्या गावच्या सभागृहात मिसेस प्रीस शिक्का घेऊन बसल्या होत्या. “या, माझ्या पाखरांनो! चहा घ्या, टोस्टवर बीन्स देते. पन्नासच किलोमीटर राहिलेत, वेळ भरपूर आहे.”

डोरीननं कप दोन्ही हातांत धरला. “ऑल्विन, केव्हापासून?”

“काय केव्हापासून?”

“ऑगस्टपासून तू मला ढग सांगतोयस. वीस वर्षांत कधी सांगितले नव्हतेस. ढग चुकले तर कुणाला कळणार, म्हणून ना?”

ऑल्विननं टोस्ट खाली ठेवला. “मधोमध करडा डाग दिसतो. कडेनं दिसतं थोडं. डॉक्टर म्हणाला, गेलेली नजर आता परत यायची नाही.”

“आणि तू मला चार महिने तसाच दामटत राहिलास? अहो मिसेस प्रीस, ऐकलंत का? एका सायकलवर दोन आंधळे!” ती हसायला गेली, पण तिचा आवाज फाटला. “मेले असते ना रे मी, गाढवा.”

“सांगितलं असतं तर तुला घेऊन कोण हिंडलं असतं?”

डोरीननं कप खाली ठेवला. बाहेर अंधारून यायला लागलं होतं. फेरीतला एकेक सायकलस्वार हातमोजे चढवून निघत होता.

“खोटं नाही बोलत,” ती हळूच म्हणाली, “मला बारावी हवीय. फार हवीय. पण हँडल तुझं आहे. तूच ठरव.”

 ऑल्विन उठला आणि त्यानं कार्ड मिसेस प्रीसपुढं सरकवलं. “शिक्का नको. आमची फेरी इथंच संपली. जरा फोन द्याल का? मेव्हण्याला व्हॅन घेऊन बोलावतो.”

व्हॅन आली तेव्हा एवढी लांब सायकल आत मावेना. ऑल्विन गुडघ्यावर बसला आणि हातांनी चाचपत पुढचं चाक सोडवू लागला. डोरीननं सायकल तोलून धरली. पुढचं हँडल आज पहिल्यांदाच तिच्या हातात आलं होतं. हँडलवरच्या जुन्या पट्टीला त्याच्या बोटांचे खोल खळगे पडले होते. तिनं एकेक खळगा शोधला आणि त्यात आपली बोटं नीट बसवून ती उभी राहिली.