शिक्का खरा आहे

'ट'च्या पोटातली ती चीर... गादी कितीही ओली केली, शिक्का कितीही सरळ मारला, तरी तिथे शाई बसायची नाही. केसाएवढी पांढरी रेघ राहायचीच – आणि आता फोनच्या काचेवर दोन बोटं फाकवून श्रीहरीने ती रेघ काडीएवढी मोठी केली, तेव्हा त्याला आधी शाळेच्या ओसरीची दगडी पायरी दिसली. तिच्यावर एका पावसाळ्यात त्याच्या हातून लाकडी मुठीचा तो शिक्का निसटला होता, आणि उचलून पाहिलं तेव्हा गावाच्या नावातला 'ट' दुखावलेला होता. पेरमटोला. बाकीची सगळी अक्षरं धड.

"अवो, चाय थंडी होऊन राह्यली," आतून इंदूने सांगितलं.

तो हो म्हणाला आणि हलला नाही. खिडकीच्या कठड्यावर रोजच्यासारखी कोळशाची काळी पूड बसली होती, ती त्याने नकळत बोटाने पुसली, आणि मग त्याच बोटाने फोनला हात लावल्यामुळे लिफाफ्याच्या फोटोवर एक करडा डाग पडला. तो घाईघाईने धोतराच्या सोग्याने पुसला त्याने, जणू तो डाग खऱ्या कागदावरच पडला होता.

एकतीस वर्षं तो पेरमटोल्याचा पोस्टमास्तर होता. जंगलाच्या पोटातलं चाळीस घरांचं गाव, शाळेच्या ओसरीत एक टेबल, एक पेटी, एक शिक्का. वाघांसाठी गाव उठलं, माणसं बाहेर सडकेच्या कडेला नव्या वस्तीत आली, आणि त्याची नोकरी दुसरीकडे गेली. आता निवृत्त होऊन तो चंद्रपुरात पठाणपुरा गेटाजवळ दोन खोल्यांत राहत होता, आणि त्याच्या दिवसाला जो काही आकार होता तो या फोनमधल्या मंडळीमुळे होता – जुनी तिकिटं, जुने लिफाफे, बंद पडलेल्या पोस्टांचे शिक्के जमवणारी शे-सव्वाशे माणसं. कुणी डॉक्टर, कुणी बँकेतले, आणि सगळे त्याला मास्तर म्हणत.

फोटो टाकला होता नागपूरच्या प्रफुल्लने. खाली लिहिलं होतं: पेरमटोला, गावाचा शेवटचा दिवस, वीस मे दोन हजार सात. विकणे आहे. लिफाफ्याशेजारी कागदाचा कपटा, त्यावर प्रफुल्लची सही आणि आजची तारीख. गेल्या वर्षी कुणीतरी दुसऱ्याच्याच अल्बमचे फोटो दाखवून तिघांना फसवलं होतं, तेव्हापासून मंडळीत हा नियम झाला होता – वस्तूशेजारी आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवायची, दोन्ही बाजूंचे फोटो टाकायचे, मागितलं तर व्हिडिओवर दाखवायचं, आणि दोन जुन्या सभासदांनी पाहिल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. प्रफुल्लने सगळं केलं होतं. तो घ्यायला निघालेल्या दिव्यानीनेही सगळं विचारून घेतलं होतं, लिफाफा उजेडाला धरायला लावला होता, कडा बघितल्या होत्या. एका जुन्या सभासदाने बरोबर वाटतं म्हणून लिहिलंही होतं. आता एकच उरलं होतं, आणि ते तिने सगळ्यांसमोर लिहिलं होतं:

श्रीहरीमामा, तुम्ही सांगाल तेच. घेऊ का?

मामा. ही पोर सिरोंच्याला सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. मंडळीत आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, पेरमटोल्याचं कोणी आहे का, माझ्या आईचं माहेर ते – आई सोनीबाई, झिंगूची लेक. श्रीहरीने दोन मिनिटांत फोन लावला होता. झिंगूची नात! झिंगू तर गेला, नव्या वस्तीत दोन वर्षंसुद्धा टिकला नाही. पण त्याच्या नातीने त्या दिवशी हसत हसत म्हटलं, आईच्या गावचे म्हणजे तुमी मामाच ना... आणि तेव्हापासून रविवारी तिचा फोन येत होता. त्याला लेक नव्हती. हे तो कुणाला बोलला नव्हता, इंदूलाही नाही, की रविवारी सकाळपासून तो फोन उशाशी घेऊन बसतो.

लिफाफा खोटा होता.

म्हणजे लिफाफा खरा, तिकीट खरं, शिक्का खरा, चीर खरी. तारीख खोटी. वीस मेला पेरमटोल्यात एकही शिक्का पडला नाही, कारण शेवटची थैली सतरालाच गेली होती. त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांनी, नव्या वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीत, शिक्का अजून जमा करायचा राहिलेला असताना, मोटारसायकलवरून एक गोरा पोरगेला माणूस आला होता – हाच प्रफुल्ल. मास्तर, तुमचा शिक्का म्हणजे आता इतिहास आहे. असं कुणी त्याच्याशी कधी बोललं नव्हतं. एकतीस वर्षांत त्याला विचारलं गेलं होतं ते एवढंच – मनिऑर्डर आली का. आणि हा माणूस त्या शिक्क्याची मूठ देवाच्या मूर्तीसारखी दोन हातांत धरून उभा... चाळीस कोरे लिफाफे होते. छंद आहे मास्तर, आठवण म्हणून. तारखेचे आकडे श्रीहरीने स्वतः चिमट्याने मागे फिरवले. मी फिरवले. आणि एकेक करत, सरळ, ठसठशीत, आयुष्यात कधी मारले नसतील इतके सुंदर चाळीस शिक्के मारले. पैसे घेतले नाहीत. प्रफुल्लने जाताना एक अल्बम दिला, एक भिंग दिलं, आणि तिकीट पाण्यावर कसं सोडवायचं ते दाखवलं. आज हे जे काही आहे, ही माणसं, हा रविवार... ते सगळं त्या दुपारचं आहे.

औषध आणायचं म्हणून तो बाहेर पडला. घरात बसून त्या प्रश्नाकडे बघवत नव्हतं. ऑटोत आणखी दोघं होते, मध्ये तो, आणि जटपुरा गेट यायच्या आतच फोन वाजला. प्रफुल्ल.

"मास्तर, ग्रुपवर पाह्यलं ना? ती सिरोंच्याची पोरगी तुमच्यासाठी अटकून राह्यली."

"पाह्यलं."

"मंग लिहून टाका ना. शिक्का खरा आहे, बस एवढंच. मागं त्या अमरावतीवाल्यानं असाच लिफाफा घेतला तवा लिहिलं होतं तसं. दुसरा एक माणूस संध्याकाळपर्यंत थांबतो म्हन्ते, पन मले वाटते लिफाफा पोरीलेच भेटावा. तिच्या आईचं गाव आहे."

"प्रफुल्लभाऊ, वीस तारखेले..." बाजूचा माणूस ऐकतोय असं वाटून त्याने आवाज खाली घेतला. "वीस तारखेले पोस्ट बंद होतं."

पलीकडे थोडं हसू आलं, प्रेमळच. "हे कोनाले मालूम आहे मास्तर? तुमाले अन् मले. टेंशन काऊन घेऊन राह्यले? शिक्का खरा, लिफाफा खरा, हात तुमचा. याच्यात झूठ कुठी आहे?"

पाहतो म्हणून त्याने फोन ठेवला. वाईट हे होतं की त्याला प्रफुल्लचा राग येत नव्हता. इंदू आजारी होती तेव्हा याच माणसाने नागपूरला दवाखान्यात रांग लावून नंबर काढून दिला होता. आणि खरंच, झूठ कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. अमरावतीवाल्याच्या वेळी 'शिक्का खरा आहे' असं लिहिताना त्याने हेच स्वतःला सांगितलं होतं, चारपाच वेळा वाचून पाहिलं होतं ते वाक्य आणि त्यात एकही अक्षर खोटं सापडलं नव्हतं. त्या माणसाने हात जोडल्याची चित्रं पाठवली होती. रात्री जेवण गेलं नव्हतं, पण ते उन्हाने असेल म्हणून...

तो औषधाच्या दुकानाच्या पुढे उतरला, मागे चालत आला, गोळ्या घेतल्या, उरलेले पैसे घ्यायला विसरला, दुकानदाराने हाक मारून हातात ठेवले. लोक असे परत बोलावून देतात. रोज देतात. दुकानाच्या सावलीतल्या बाकावर बसून त्याने फोन काढला. दिव्यानीने खासगीत आणखी एक लिहिलं होतं: मामा, घाई करू नका, मी पण घाई करत नाही. जो घाई लावतो त्याच्यापासून दूर राहायचं, हे तुम्हीच शिकवलं ना?

शिकवलं होतं. भिंगाखाली तिकिटाच्या दात्यांची टोकं मोजायला, पुन्हा डिंक लावलेला कागद ओळखायला, विकणाऱ्याला माल कुठून आला हे विचारायला आणि उत्तर देताना तो किती वेळ घेतो हे बघायला... आणि पोर ते सगळं करून आता त्याच्याच दारात येऊन उभी होती. माल कुठून आला, मामा?

लिहायला घेतलं. 'शिक्का' इथपर्यंत लिहिलं आणि पुसलं. मग काहीच न लिहिता तिचा नंबर दाबला. कामावर असेल, उचलणार नाही, असं मनाशी म्हणत, आणि उचलू नये अशी इच्छा करत.

"बोला मामा."

"घेऊ नको ते."

"काऊन? शिक्का नकली आहे?"

"शिक्का असली आहे. मीच मारला. पन त्या दिवशी नाई मारला." आणि एकदा तोंड उघडल्यावर ते सगळंच आलं, मोटारसायकल, चाळीस लिफाफे, चिमटा, अल्बम, रस्त्यावरच्या ट्रकच्या आवाजात ते त्याला स्वतःला दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं वाटत होतं. शेवटी तो म्हणाला, "अमरावतीवाल्यालेबी मीच फसवलं. ग्रुपवर सांगाचं असन तर सांग. माझं नाव घेऊन सांग."

मागे कुणीतरी तेलुगूत तिला काहीतरी विचारत होतं, तिने त्याला थांबायला सांगितलं.

"तुमीच सांगा मामा ग्रुपवर," ती म्हणाली. आवाज कोरडा होता, पण तुटलेला नव्हता. "मी नाई सांगनार. तुमी सांगतलं तर लोकं बाकीचे लिफाफे तरी पाहतीन आपआपल्याजवळचे."

"सांगतो."

"आज?"

"आजच."

बस, झालं, असं त्याला वाटलं. छातीवरचं काहीतरी सरकल्यासारखं – एवढंच होतं हे, इतकी वर्षं... तो बाकाला टेकला. फोन ठेवायचा म्हणून "बरं बाई" म्हणाला, तर ती अजून बोलतच होती, हळू, जणू त्याच्याशी नाही.

"मले आईसाठी पायजे होतं ते. तिले दाखवाचं होतं का बाई, या तारखेपर्यंत गाव होतं, कागद आहे याचा. आम्ही गेलो होतो ना मामा. त्याच सालच्या उन्हाळ्यात, माझी शाळेची सुट्टी होती. मी दहा वर्साची. आम्हाले तर वाटे गाव दिवाळीनंतर उठनार. मोहर्लीले उतरलो, मंग पायी. आईच्या डोक्यावर गठुडं, आजासाठी सिरोंच्याची सुकी मच्छी होती त्याच्यात. अन् घरं पाह्यले तर भिंती होत्या, कवेलू नव्हते. आई तरी फाटकातून 'बा' म्हनून हाक मारे. छप्पर नाई दिसून राह्यलं तरी हाक मारे."

श्रीहरीने फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"कोनी तिले कळवलंच नाई म्हन्ते. अजून म्हन्ते. आजा गेला तरी तिचा राग गेला नाई – एक कार्ड टाकलं असतं बानं तर काय झालं असतं, म्हन्ते."

वीस मेची सकाळ. ट्रक शाळेजवळ उभे, माणसं छपरांवरून कवेलू उतरवताहेत, आणि तो टेबल आवरतोय... आणि झिंगू समोर उभा आहे. हातात पोस्टकार्ड. शाळेतल्या पोराकडून लिहून घेतलेलं, चार ओळी: आम्ही जात आहोत, जुन्या घरी येऊ नको, नव्या जागी ये. मास्तर, हे सोनीले पाठवा. थैली गेली झिंगूभाऊ, आता इथून काई जात नाई. मंग शिक्का तरी मारून द्या, मी मोहर्लीच्या पेटीत टाकतो – शिक्का इथचा असला म्हन्जे लेकीले समजन, घरूनच आलं. नाई, तसं नियमात नाई बसत. आणि झिंगू थोडा वेळ उभा राहिला होता, कार्ड उलटंसुलटं करत, मग ते कमरेला खोचून कवेलू उतरवायला गेला होता. त्याने पुढे ते कुठल्या पेटीत टाकलं की नाही हे श्रीहरीने कधी विचारलं नाही. विचारायचं काही होतं असंच वाटलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही, एकदाही मला ते आठवलं नाही. चाळीस लिफाफे रोज आठवले, त्यांचं ओझं मी जपून वाहिलं, आणि हे... हे तर मी नीट केलेल्या कामांत धरलं होतं.

"मामा?" दिव्यानी म्हणत होती. "आहात ना?"

"आहे," तो म्हणाला.

ट्रक गेले, ऑटो गेले. तिने फोन ठेवला नव्हता; तिच्या बाजूला पंख्याचा आवाज येत होता. ग्रुपवर काय लिहायचं हे त्याला आता अगदी स्पष्ट माहीत होतं, त्याची भीती उरली नव्हती, ते आता दुसऱ्या कुणाच्या चुकीसारखं लहान आणि सोपं वाटत होतं. आणि त्याच्या जागी हे दुसरं आलं होतं, ज्याला ना तारीख होती ना शिक्का, ज्याबद्दल कुणी कधी त्याला विचारणार नव्हतं. दिव्यानी तर नाहीच. त्याने गोळ्यांची पुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. झिंगूने कार्ड लिहून घेतलं होतं आणि सोनीबाईचा राग खरं तर आपल्यावर हवा, हे आत्ता या जगात फक्त त्याला एकट्याला माहीत होतं – आणि पलीकडे ती पोर थांबली होती, घाई न करता, त्याला आणखी काही सांगायचं असेल म्हणून.