टेरा कुठून आला

शेवंता नारखेडे मुलाखतीला आत गेली तेव्हा दुपार उलटून गेली होती. नशिराबादहून सकाळी निघालेली एस.टी. पारोळ्याच्या पुढे पंक्चर होऊन उभी राहिली होती. धुळ्याच्या या कॉलेजात ती चार वर्षं तात्पुरती शिकवत होती. दर एप्रिलला नोकरी संपायची आणि जूनला पुन्हा बोलावणं यायचं. यंदा, शहात्तर साली, भौतिकशास्त्राची एक कायम जागा निघाली होती.

टेबलामागे दोघेच होते. एक संस्थेचे अध्यक्ष हीरालालजी, कापसाचे व्यापारी. दुसरे विद्यापीठाचे तज्ज्ञ डॉ. गंधे. त्यांच्या सहीशिवाय नेमणूक कायम होत नसे. सकाळपासून प्रश्न विचारून त्यांचा आवाज बसला होता.

"टेरा म्हणजे?"

"एकावर बारा शून्यं, सर."

हीरालालजींनी मान वर केली. "म्हणजे आमचे दहा खरब. बरोबर ना बाई?"

"खरब म्हणजे शंभर अब्ज, या तुमच्या मोजणीत बरोबर, भाऊ."

"आणि शब्द कुठून आला?" गंध्यांनी विचारलं.

"ग्रीक. अर्थ राक्षस."

"राक्षस नाही, चार. ग्रीक टेट्रावरून, हजाराचा चौथा घात म्हणून. माझ्या पुस्तकात आहे."

पुस्तकात ते होतं. शेवंता तेच पुस्तक शिकवायची आणि दरवर्षी त्या पानावर थांबून मुलांना दुरुस्ती सांगायची.

"सर, मेगा हजाराचा दुसरा घात, पण अर्थ नुसता मोठा. गिगा तिसरा, अर्थ महाकाय. दोन-तीन हे आकडे त्यांत कुठेच नाहीत. मग टेरातच चार कसा येईल?"

"गेल्या वर्षी पेटा ठरला. पाचवा घात. तो तर पेंटा, म्हणजे पाचावरूनच घेतला ना?"

"हो. पण टेरा आधीचा आहे. टेराचा टेट्राशी, म्हणजे चाराशी मेळ बसतो हे नंतर लक्षात आलं, म्हणून पुढचा पाचावरून केला."

हीरालालजी हसले. "आधी मोठा, मग महाकाय, मग राक्षस! डॉक्टरसाहेब, आमच्या उधारीसारखंच वाढतंय की!"

गंधे हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"पोरांना परीक्षेत माझ्या पुस्तकातलं उत्तर लिहावं लागतं, बाई. वर्गात काय सांगाल?"

"चार म्हणून टाका ना," हीरालालजी हळूच म्हणाले. "काय बिघडतं?"

शेवंताला प्रवासाची धूळ अजून घशात जाणवत होती. चार म्हटलं असतं तर बोलणं तिथेच संपलं असतं.

"राक्षसच सांगेन, सर. पुस्तकात काय आहे तेही सांगेन."

"ठीक. या तुम्ही."

ती व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. बऱ्याच वेळाने शिपाई पंडित पाण्याचा पेला घेऊन बाहेर आला. त्याचा चेहरा पाहूनच तिला कळलं.

"यंदा बी टेंपररीच शे, बाई. साहेबनी सही नही करी. शेठ लई बोलनात तुमनासाठे."

"आणि कायम जागा?"

"रिकामीच ठेवी."

तिने पाणी पिऊन पेला परत दिला.

"जूनला येते म्हणून सांगा," ती म्हणाली आणि पारोळ्यावरून नशिराबादकडे जाणारी गाडी कधी आहे ते तिने त्याला विचारलं.