जाऊ डावीकडे वळते

धाकट्या जावेला या प्रयोगशाळेत मीच चिकटवलं. माझ्या हाताने माझ्याच पायावर धोंडा.

आमचं काम संगणकाच्या पडद्यावरच्या लढाऊ विमानांचं. पाठलाग करणाऱ्या विमानाच्या चाली मी लिहिते, निसटणाऱ्याच्या ती. समोरचा सर्वांत चांगलं खेळेल असं धरायचं आणि तरीही आपलं कमीत कमी नुकसान होईल अशी चाल निवडायची, हे गणित तिला मीच शिकवलं. वर्षभरात साहेब तिच्या टेबलापाशी चहा प्यायला लागले. घरी सासूबाई जेवताना म्हणायच्या, "धाकटीचं डोकं भारी हं!" माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू, रोज दुखायचं.

त्यात विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. साहेब मला म्हणाले, "शुक्रवारी वीस फेऱ्या. दहापेक्षा जास्त वेळा पकडलंत तर खुर्ची तुमची, नाहीतर धाकटीची."

सरावात मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. मागे कोणी लागलं की बाईसाहेबांचं विमान दर वेळी डावीकडेच वळे. सापडली! मी माझी जुनी, सावध चाल गुपचूप काढून टाकली. आता माझं विमान आधीच डावीकडे झेपावणार होतं.

शुक्रवारी पहिल्या फेरीत ती उजवीकडे वळली. दुसऱ्या फेरीत सरळ खाली. तिसरीत डावीकडे आली तेव्हा सापडली, पुढे पुन्हा उजवीकडे. माझं विमान रिकाम्या आभाळात घिरट्या घालत राहिलं. विसांपैकी सहा. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं अभिनंदन केलं.

मी तिला जिन्यात गाठलं. "सरावात मुद्दाम डावीकडे वळत होतीस ना? मला फसवायला?"

ती गोंधळली. "नाही हो ताई. वळायचा भाग लिहूनच झाला नव्हता, म्हणून एकच दिशा टाकून ठेवली होती. काल संपवला. तुम्ही सर्वांत चांगलंच खेळाल असं धरून लिहिला, तुम्हीच शिकवलंय ना. तुमच्या जुन्या चालीपुढे करून बघितलं तर मी विसात बारा वेळा सापडत होते. आज हरायच्या तयारीनेच आले होते." मग हळूच म्हणाली, "ती चाल का काढलीत?"

तुझ्यावर जळत होते म्हणून. एवढंच उत्तर होतं.

"चल," मी म्हटलं, "घरी सासूबाई वाट बघत असतील. बातमी तूच सांग."