वाळवंटात वसवलेलं गाव

मी एक डाव बोलतोय. पत्त्यांचा नव्हे, बुद्धिबळाचाही नव्हे. त्यांचं काय, तासाभरात निकाल लागतो आणि पट गुंडाळून फळीवर जातो. मी कॉम्प्युटरमधला डाव. माझ्या पोटात दोन साम्राज्यं नांदतात. नद्या, डोंगर, गावं, फौजा, धान्याची कोठारं, सगळं साग्रसंगीत. एका राजाने आपल्या चाली सावकाश करायच्या आणि 'खेळी संपली' हे बटण दाबायचं, मग दुसऱ्याने आपल्या करायच्या. धावपळ नाही, ठो ठो गोळीबार नाही. उंटावरून शेळ्या हाकायचा उद्योग म्हणा ना! पण एकदा बसलेला माणूस उठेल तर शपथ. "एवढी एकच खेळी," म्हणतो आणि पुढ्यातलं ताट गार होतं.

मला कान कुठून आले असं मात्र विचारू नका. वर्षानुवर्षं रोज कुणी तुमच्यासमोर बसून बडबडत असेल, तर तुम्हालाही फुटतील.

माझा जन्म झाला त्या दिवशी घरात बॅगा भरल्या जात होत्या. घरात माणसं दोनच, बाप आणि लेक. आई जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते. बाप पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून निवृत्त झालेला. लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागलेली, लिफ्टच्या कंपनीत. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की आतलं बटण दाबतं, तो आवाज हिच्या कानात पडणार आणि ही म्हणणार, "घाबरू नका, माणूस निघालाय, तोवर माझ्याशी बोलत राहा."

लेक लहान असल्यापासून दोघं असलेच डाव खेळत आली होती, एकाच खुर्चीवर आलटून पालटून बसून. आता खुर्च्या दोन गावांत जाणार होत्या. म्हणून तिने निघता निघता मला मांडलं.

"बाबा, रोज एक खेळी. तुम्ही खेळलात की डाव आपोआप माझ्याकडे येईल. मी डब्याच्या सुट्टीत खेळून परत पाठवीन."

"आणि विसरलीस तर?"

"तर समजा, हरतेय म्हणून तोंड लपवतेय."

"मग तू कायमची तोंड लपवूनच बसणार, सरकार," तो म्हणाला. तिला तो लाडाने सरकार म्हणायचा. दोघं हसली, बॅग उचलली गेली, आणि दार लागल्यावर तो माझ्यासमोर येऊन बसला. मग त्याने पहिलं गाव वसवलं. नदीच्या काठी. पंपघरातला माणूस तो, पाण्यावाचून घर बांधणं त्याच्या रक्तातच नव्हतं. "आधी पाणी, मग बाकी सगळं," हे तो लेकीला घोकून घोकून शिकवायचा.

खेळायचा म्हणजे काय खेळायचा! खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. पूर्वेकडे जहाजं जमवायची, लेकीची सगळी फौज तिकडे पळवायची, आणि पश्चिमेच्या खिंडीतून अलगद तिचं गाव घ्यायचं. असला गनिमी कावा साधला की फोन आलाच.

"बाबा, हा रडीचा डाव आहे!"

"अगं, याला राजकारण म्हणतात."

"पुढे काय करणार आहात, सांगा."

"ते कसं सांगू? राजकारण आहे."

आणि मग तो खोखो हसायचा. एक गोष्ट मात्र सांगतो. त्याने लेकीला मुद्दाम कधी जिंकू दिलं नाही. ती लहानपणी रडली, पाय आपटले, तरी नाही. त्यामुळे तिचा एखादा विजय झालाच तर तो शंभर नंबरी असायचा. या गोष्टीचा तिला केवढा अभिमान होता! ऑफिसातल्या मैत्रिणीला ती सांगायची, "माझ्या बाबांनी मला कधी लहान समजून खेळवलं नाही."

अशी काही वर्षं फार सुखाची गेली. मी सकाळी त्याच्याकडे, दुपारी तिच्याकडे. मीच त्यांची खुशाली होतो. खेळी आली म्हणजे बाबा बरे आहेत, एवढं तिला पुरत होतं. फोनवर निराळं काय विचारायचं?

मग एके दिवशी त्याने वाळवंटात गाव वसवलं.

मी चपापलोच. आसपास नदी नाही, तळं नाही, नुसती वाळू. तो बटण दाबून मोकळा झाला आणि चहा करायला उठला. दुपारी लेकीने ते गाव पाहिलं. क्षणभर कपाळाला आठ्या पडल्या, आणि मग चेहरा खुलला. "म्हातारा काहीतरी शिजवतोय," ती मैत्रिणीला म्हणाली. "पाणी नसलेल्या जागी बाबा गाव वसवतील? शक्य नाही. कुठेतरी पाणी मुरतंय." आणि तिने त्या दिशेला तटबंदी बांधायला घेतली.

पुढे असलेच प्रकार वाढत गेले. त्याची फौज सरहद्दीपर्यंत जायची आणि कारण नसताना माघारी फिरायची. कोठार अर्धं बांधून मोडायचं, पुन्हा तिथेच बांधायला घ्यायचं. झालेला तह पुन्हा करायला तो दूत पाठवायचा. प्रत्येक वेळी लेक आणखी सावध व्हायची, आणखी भिंती बांधायची. बिचारी साप साप म्हणून भुई धोपटत होती.

मी मात्र पाहत होतो. त्याचा बाण नकाशावर भिरभिरायचा, आपल्याच राजधानीवर येऊन थांबायचा, आणि तो अगदी हळू विचारायचा, "हे कुणाचं गाव?" बाण वर ठेवला की मी नाव दाखवतो. नाव वाचून तो मान हलवायचा, जणू कुणीतरी पत्ता सांगितला. सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं हो! पण मला बोलता येतात ती दोन-चार वाक्यं, आणि तीही कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली. "आता तुमची खेळी." याच्यापुढे माझी मजल नाही. त्याची मला अजून चुटपुट लागते.

तळमजल्यावर कपडे शिवणाऱ्या मावशी राहायच्या. त्यांनी लेकीला एकदा फोन केला. "अगं, तुझे बाबा काल जिन्यात थांबून मला विचारत होते, दुपारच्या पाळीला पंपावर कोण आहे म्हणून. मला काही हे लक्षण ठीक दिसत नाही."

"थट्टा करत असतील, मावशी," लेक म्हणाली. "तुम्हाला त्यांचं सोंग ठाऊक नाही. मला विचारा, मी रोज त्यांच्याशी लढतेय."

तरी तिने त्या दिवशी बाबांना फोन लावला. "बाबा, बरे आहात ना?"

"उत्तम."

"मग ते वाळवंटातलं गाव कशाला?"

मला त्याचा चेहरा दिसत होता. हरवलेली वस्तू शोधावी तसा तो आठवत होता, आणि हाताला काही लागत नव्हतं. मग त्याला जुनं वाक्य सापडलं. "ते कसं सांगू? राजकारण आहे."

लेक पोट धरून हसली. तोही हसला. तिला उत्तर मिळालं आणि त्याचं झाकलं गेलं.

शेवटी तिचा धीर सुटला. काय व्हायचं ते होऊ दे म्हणत तिने सगळी फौज घेऊन वाळवंटातल्या गावावर चाल केली. डोळ्यांत तेल घालून, छापा कुठून पडतोय ते बघत. छापा पडलाच नाही. गावात एक शिपाई नव्हता. ती पुढच्या गावात शिरली, तेही रिकामं. त्याच्या पुढचंही. वेशी सताड उघड्या आणि आत चिटपाखरू नाही. अशी तिची फौज थेट त्याच्या राजधानीच्या वेशीपर्यंत पोचली. एक पाऊल टाकलं की डाव तिचा.

तिने पाऊल टाकलं नाही. फोन लावला.

"बाबा, हा काय फाजीलपणा आहे? सगळी फौज मोडून टाकलीत?"

"घरी पाठवली पोरांना. किती दिवस उभी राहतील?"

"मुद्दाम हरताय ना माझ्याशी? मला खूश करायला? मी काय शेंबडी पोर आहे?"

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

"राजकारण आहे," तो म्हणाला. या खेपेला त्याला हसू आलं नाही.

"राहू द्या तुमचं राजकारण! आयुष्यात कधी मला फुकट जिंकू दिलं नाहीत, आणि आता भीक घालताय? नीट खेळायचं असेल तेव्हा सांगा." तिने फोन ठेवला आणि मला तसंच अर्ध्यात बंद केलं. राग तिच्या नाकावर पहिल्यापासूनच, पण त्या दिवशी ते रागाहून जास्त होतं. तिला खरंच लागलं होतं.

नंतरचे आठवडे मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाहीत. ती मला उघडेना. रविवारी फोन करायची, "जेवलात?" विचारायची, तो "जेवलो" म्हणायचा, संपलं. मला मात्र तो रोज उघडत होता. मी म्हणायचो, "समोरच्याची खेळी बाकी आहे." सुरुवातीला तो हसला, म्हणाला, "रुसलंय सरकार." मग नुसताच बसून राहू लागला. पुढे पुढे ते वाक्य वाचून तो उठायचा, दार उघडायचा आणि समोर कोण आलंय ते जिन्यात डोकावून पाहून यायचा.

एका सकाळी लेकीला मावशींचा फोन गेला. बाबा जुन्या पंपघराच्या कुलपापाशी बसून होते, कामाचे कपडे घालून. किल्लीवाला आला नाही म्हणून रागावले होते. ऊन चढलं तरी हलायला तयार नव्हते.

मिळेल त्या गाडीने ती आली. दवाखाने झाले, तपासण्या झाल्या. परत आल्यावर ती याच खोलीत मावशींना सांगत होती आणि मी ऐकत होतो.

"डॉक्टरांनी विचारलं, केव्हापासून असं होतंय? मी म्हटलं, त्यांनी वाळवंटात गाव वसवलं तेव्हापासून. ते माझ्याकडे बघतच राहिले." तिने तपासण्यांची फाइल मिटली. "तेव्हाच आणलं असतं तर गोळ्यांनी थोडं थोपवता आलं असतं म्हणाले. मावशी, मी दिवसभर अनोळखी माणसांना 'माझ्याशी बोलत राहा' म्हणते. आणि यांच्याशी बोलणं टाकलं."

वरातीमागून घोडं आलं होतं. मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या खाली गेल्या.

दुपारी लेकीने बापाला खुर्चीत बसवलं, शेजारी स्टूल ओढलं आणि स्वतःच्या बाजूने मला उघडलं. नकाशा पाहून त्याचे डोळे चमकले. मग त्याने तिच्याकडे वळून अदबीने विचारलं, "तुम्ही खेळता का हे?"

जन्मात त्याने तिला तुम्ही म्हटलं नव्हतं.

"थोडंफार," ती म्हणाली.

"माझी मुलगी खेळते. फार तयारीची आहे. पण हल्ली तिची खेळीच येत नाही."

"रागावली असेल."

"छे हो. कामात असते. लांब राहते ना." त्याने पडद्यावरच्या तिच्या फौजेवर बोट ठेवलं. "ही बघा, इथवर आलीये. मी सगळ्या वेशी उघड्या ठेवल्यात. शिपाईसुद्धा घरी पाठवले. म्हटलं, आलीच तर कुणी अडवायला नको."

तिने डोळे पुसून हात पुढे केला आणि वेशीपाशी थांबलेली फौज राजधानीत नेली. माझ्याकडे त्यासाठी ठेवणीतलं संगीत आहे. कर्णे वाजले, झेंडा बदलला, विजयाचं चित्र उमटलं. तो टाळ्या पिटत उठला.

"आली! बघा, आली माझी पोर!" तो तिलाच सांगू लागला. "बसा हं तुम्ही, जाऊ नका. तिची ओळख करून देतो."

"बसते ना," ती म्हणाली.

आता मी संपलेला डाव आहे. माझ्यात कुणाची खेळी बाकी नाही. नोकरीचं काम ती या घरातूनच करते, आणि दुपारी तो हट्ट धरतो म्हणून मला त्या शेवटच्या चित्रापाशी उघडते. तुमचाही कुणाशी असा रोजचा डाव चालू असेल, तर माझं एवढं ऐका. समोरच्याची चाल विचित्र वाटली, तर भिंती बांधत बसू नका. उठा आणि त्याच्या घरी जा.

चित्र पाहून तो रोज शेजारी बसलेल्या बाईला सांगतो, "माझी मुलगी आलीये." ती रोज म्हणते, "हो, आलीये." थोडी आधी आली असती, तर तिला ओळखणारं माणूस घरात होतं.