नऊ नंबरची डावी बाही

आमच्या घरात देवाशी बोलायच्या तीन तऱ्हा होत्या आणि त्यावरून तिघींचं एकमेकींशी कधी पटलं नाही.

आई देवाशी दिवसभर बोलते. गॅस संपत आलाय, गुडघा दुखतोय, वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात कचरा सांडते, सगळं त्याला ऐकवते. तेही भांडी घासता घासता, नळाच्या वर आवाज चढवून. ठमी तिला चिडवायची, "अगं आई, त्याला मध्ये बोलायला जागा तर ठेव." आई म्हणायची, "त्याने कशाला बोलायचं? ऐकतोय ना, मग झालं."

मी बोलतच नाही. बावीस वर्षं शिवणकाम करतेय, तोंडात कायम टाचण्या. देवापुढेही माझं तोंड तसंच मिटलेलं. काय हवं ते आपल्या हाताने करावं, त्याला कशाला त्रास, असं माझं मत आहे आणि ते मी कुणी न विचारताही सांगते.

ठमी म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला उत्तर हवं असायचं. लहान असताना देवाला चिठ्ठी लिहून खिडकीत ठेवायची आणि सकाळी उठून बघायची, मागे काही लिहिलंय का. एकदा मीच लिहून ठेवलं, 'अभ्यास कर.' तिने अक्षर ओळखलं आणि माझी वेणी अशी ओढली की दोन दिवस मान दुखत होती.

मग बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ठमी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, ती नोकरी तिने सोडली आणि तेरा महिने बाबांच्या उशाशी बसली. त्यांचं सगळं तिने केलं. मी दुकानात होते. शाळांच्या गणवेशांचा मोसम होता, आणि मोसम नसता तरी मी दुकानातच असते, खोटं कशाला बोलू? मला ते बघवत नव्हतं. ठमी बाबांचा हात हातात घेऊन म्हणायची, "एक शब्द बोला बाबा. कुठलाही. मला शिवी द्या." बाबा नुसते बघत राहायचे.

आता जे सांगते ते मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटच्या दिवशी दुपारी ठमी औषधं आणायला गेली होती आणि मी तासभर बाबांजवळ बसले होते. बाबांनी डोळे उघडले. ओठ हलले. मी कान जवळ नेला. जड जिभेने, पण अगदी कळेल असं ते म्हणाले, "ठमी जेवली का?"

मी म्हटलं, "हो बाबा, जेवली." जेवली नव्हती ती. तिचं ताट स्वयंपाकघरात झाकून ठेवलेलं होतं. संध्याकाळी बाबा गेले.

ठमीला मी हे सांगितलं नाही. तेरा महिने वाट बघितली तिने आणि शब्द आला तो माझ्या वाट्याला, तासभर बसलेल्या माझ्या! कुठल्या तोंडाने सांगणार होते? आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. आणि अगदी खरं सांगायचं तर तो शब्द थोडे दिवस एकटीजवळ ठेवावासाही वाटला मला. मग फार उशीर झाला असं वाटायला लागलं.

मी चौथ्या दिवशी दुकान उघडलं. ठमीजवळ जाऊन बसले ते सर. पूर्वी शाळेत गाणं शिकवायचे, आवाज गोड, केस पांढरे. तिचं रडणं ते तासन्‌तास ऐकून घ्यायचे, आईच्या गुडघ्याची आठवणीने चौकशी करायचे. माणूस वाईट आहे असं मी आजही म्हणणार नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की देव सगळ्यांशी बोलतो, आपणच आतून इतके भरलेले असतो की ऐकू येत नाही. म्हणून रिकामं व्हायचं. आधी फोन सुटला, मग बोलणं कमी झालं, मग दोन वेळचं जेवण एक वेळवर आलं. ज्याला जे ऐकू येईल ते त्याने लिहून सरांना दाखवायचं. ते देवाचं की मनाचे खेळ, हे सर ठरवणार. ठमीला काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणून तिने आणखी रिकामं व्हायचं ठरवलं आणि सरांच्या त्या मोठ्या घरात राहायला गेली.

त्यांच्या कपड्यांचं काम सरांनी मला दिलं. ते त्याला वस्त्र म्हणतात, मी झगा म्हणते. राखाडी, पायघोळ, बिनखिशाचा. तिथली माणसं बाहेर पडत नाहीत, म्हणून मापं कागदावर यायची. ती घेऊन यायची वहीवाली. ही त्या घरातली सगळी व्यवस्था बघणारी बाई, काखेत कायम वही. कागदावर नावं नसायची, नुसते नंबर. पण नऊ नंबरची डावी बाही उजवीपेक्षा अर्धा इंच आखूड होती, आणि ठमीचा डावा हात वयाच्या सातव्या वर्षी मोडलाय. टाकीच्या कठड्यावरून मीच ढकलली होती तिला.

पहिल्या कागदावर नऊ नंबरची कंबर एकोणतीस होती. चार महिन्यांनी सव्वीस. मी मनात म्हटलं, बरं झालं, जरा सुटलीच होती. अशी मी! मग तिसरा कागद आला. कंबर बावीस. बावीस इंचाची कंबर मी सहावीतल्या मुलींच्या गणवेशाला लावते.

खाली लिहिलं होतं, नऊ नंबरचा झगा पांढरा हवा, आणि आत माया ठेवू नका. माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवतो ते जादा कापड, पुढे माणूस भरला तर उसवून सैल करता यावं म्हणून. मी वहीवालीला विचारलं, "पांढरा का? आणि सैल करायची वेळ येणारच नाही का?"

ती कौतुकाने म्हणाली, "अहो, नऊ नंबर गुरुवारी बंद खोलीत बसणार आहेत. एकवीस दिवस, फक्त पाण्यावर. आवाज अगदी जवळ आलाय त्यांच्या."

त्या दिवशी सोमवार होता. मी कात्री टाकून पोलीस चौकीत गेले. साहेब भला होता, पण म्हणाला, "सज्ञान आहे, स्वतःच्या पायांनी गेलीय. तिने येऊन तक्रार द्यायला हवी." त्या घराच्या दाराशी गेले तर मौन आहे म्हणून परत पाठवलं. घरी आले तर आई नळाखाली पातेलं घासत देवाला सांगत होती, माझ्या पोरीकडे लक्ष ठेव. माझं डोकंच फिरलं.

"त्याला काय सांगत बसलीस? ती मरेल गं तिथे!"

आईने नळ बंद केला. तिने नळ बंद केला की मला भीती वाटते.

"पोट रिकामं केल्याशिवाय जो बोलत नाही, तो माझा देव नव्हे," ती म्हणाली. "पण मी तिला हे सांगून उपयोग नाही. माझं बोलणं जन्मभर ऐकलंय तिने. तू कधी बोलली नाहीस तिच्याशी. तू जा."

बुधवारी दुपारी मी झगा घेऊन गेले. मुद्दाम कच्च्या टाक्यावरच ठेवला होता. वहीवालीने हात पुढे केला. मी म्हटलं, "ट्रायल घेतल्याशिवाय मी कपडा सोडत नाही. उद्या वेडावाकडा बसला तर नाव माझं खराब." ती घुटमळली, मग आत घेतलं.

घर स्वच्छ होतं. ओटीवर एक म्हातारे गृहस्थ कुंड्यांना पाणी घालत होते, एका मुलीने मला बसायला खुर्ची दिली आणि हसली. माणसं चांगली होती हो. पण सगळ्यांची मनगटं बघून मला गलबलून आलं. सर आले, त्यांनी नमस्कार केला.

"तुमचा यावर विश्वास नाही, हे मला माहीत आहे," ते म्हणाले.

"माझं सोडा. ठमीला ऐकू आलं ते खरं की खोटं, हे तुम्ही ठरवता. तुम्हाला ऐकू येतं ते कोण ठरवतं?"

सर हळू म्हणाले, "मला एकदाच ऐकू आलं होतं. बत्तीस वर्षं झाली. त्यानंतर नाही. ही मुलगी आमच्यात सगळ्यात मनापासून ऐकते. तिला ऐकू आलं तर आम्हा सगळ्यांना आधार होईल."

मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. "म्हणजे तुमच्या आधारासाठी माझ्या बहिणीने उपाशी राहायचं?"

सर म्हणाले, "तिने स्वतः मागून घेतलंय." आणि तेही खरंच होतं.

बायकांच्या खोलीत ठमीला आणलं. वहीवाली दाराशी उभी राहिली. ठमीने माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. मी झगा तिच्या अंगावर चढवला, टाचण्या तोंडात धरल्या, दोन-तीन बाह्यांना लावल्या आणि कमरेला टेप लावली. टेपमध्ये बोट घालून धरतो ना आपण, ते बोट तिच्या हाडाला लागलं. एकवीस. कागद लिहिल्यापासून आणखी एक इंच गेला होता.

मी तोंडातल्या टाचण्या काढून मनगटावरच्या छोट्या उशीला टोचल्या. पाठ केलेलं सगळं विसरले.

"ठमे, बाबा बोलले होते," मी म्हटलं. "शेवटच्या दिवशी. तू औषधाला गेली होतीस. मी तुला सांगितलं नाही."

तिने झग्याची कड मुठीत धरली.

"म्हणाले, ठमी जेवली का?"

तिच्या घशातून गंजल्यासारखा आवाज आला, "कधी?"

"दुपारी. तीनच्या सुमाराला."

"आणि तू आत्ता सांगतेस? दोन वर्षांनी?" तिने मला मारायला सुरुवात केली. दोन्ही मुठींनी, खांद्यावर, छातीवर. त्या मारण्यात एवढासाही जोर नव्हता. तेच मला लागलं.

"मौन!" वहीवाली घाबरून पुढे आली. "नऊ नंबर, मौन!"

"तुम्ही गप्प बसा हो जरा!" ठमी ओरडली, आणि परत माझ्याकडे वळली. "तू काय सांगितलंस त्यांना?"

"जेवली म्हटलं."

"मी जेवले नव्हते."

"माहीत आहे मला."

"खोटारडी. चिठ्ठीवर पण तूच लिहिलं होतंस. खोटारडी आहेस तू." ती रडायला लागली, नाक पुसायला बाही वर घेतली तर टाचणी टोचली. मी काढायला गेले तर माझा हात झटकला. मग तशीच, अर्धवट टाचलेल्या झग्यात, भिंतीला धरून बाहेर निघाली. मी मागे.

जिन्यापाशी सर उभे होते. ओरडणं त्यांनी ऐकलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आशा होती. लहान मुलासारखं त्यांनी विचारलं, "काही ऐकू आलं का तुला?"

"हो सर," ठमी म्हणाली.

"काय?"

"मी जेवले का, असं विचारलं."

सर गोंधळले. सवयीने म्हणाले, "मग ते देवाचं की मनाचं, आपण बसून..."

"बाबांचं होतं," ती म्हणाली आणि पायरी उतरली. सरांनी कठडा धरला. त्यांनी आम्हाला अडवलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगते.

नऊ दिवस ती दवाखान्यात होती. नंतर आईने चमच्या-चमच्याने तिला भरवलं आणि सगळा वृत्तांत रोज वर कळवला. ते घर अजून आहे. तीन जण तिथून निघून आले, बाकीचे आहेत. वहीवाली नवा कागद घेऊन आली होती. मी म्हटलं, कागदावरून यापुढे शिवणार नाही, माणूस इथे आणा. ती म्हणाली, ते शक्य नाही. मी म्हटलं, मग तुम्ही तरी उभ्या राहा, तुमचं माप घेते. ती निघून गेली, पण दारातून तिने एकदा वळून बघितलं.

ठमी माझ्याशी पाच महिने बोलली नाही. आईशी बोलायची, चष्म्याच्या दुकानात पुन्हा जायला लागली होती, तिथल्या गमती सांगायची. मी खोलीत आले की गप्प. मी काही म्हटलं नाही. हक्कच होता तिचा.

परवा दुपारी ती दुकानात आली. हातात निळं कापड होतं. स्टुलावर ठेवलं आणि माझ्यासमोर हात पसरून उभी राहिली. मी माप घेतलं. डावी बाही अर्धा इंच कमी. कंबर सत्तावीस. मी लिहून घेतलं, कापड टेबलावर पसरलं, खडूने आखलं, सगळीकडे चांगली दोन-दोन बोटं माया सोडली. तोंडात टाचण्या धरल्या. ती अजून तिथेच उभी होती.

"परत सांग," ती म्हणाली.

मी वर बघितलं.

"बाबा काय म्हणाले ते. ते जसं म्हणाले, तसं."

मी टाचण्या काढल्या. बाबांसारखी जीभ जड केली, एका बाजूने ओठ खाली सोडले आणि म्हटलं, "ठमी जेवली का?"

ती माझ्याकडे बघत नव्हती.

"जेवले, बाबा," ती म्हणाली.