राजेश्वरीची एक, मेहताबभाभीची एक

माझ्या गुडघ्यातली गादी झिजलीय म्हनं. एवढी वर्सं लोकाच्या रानात खुरपलं, तवा कुनी न्हाई सांगितलं की गुडघ्यात गादीबी असती! जामखेडच्या डॉक्टरनं फोटो दाखवला आन माझा पंकज तिथंच रडवेला झाला.

"आई, दोन महिने बघू. हात न टेकता खुर्चीवरनं उठलीस तर राहा आपल्या गावी, खर्ड्याला. नाही तर पुण्याला चल माझ्याकडं, तिथं लिफ्ट आहे."

आता मी काय लिफ्टमधी ऱ्हायाचं का? माझा सगळा जीव ह्या गावात. पन बोलनार काय, खरंच उठता येत नव्हतं.

पंकजनं पुण्यावनं गादी वाचवायच्या गोळ्या पाठवल्या. डबा साठ गोळ्यांचा, रोज दोन. गोळी कसली, भुईमुगाच्या शेंगंएवढी! पहिली तोंडात टाकनार, तर माझी जुनी मैतरीन राजेश्वरी दारात. "भिमाबाई, एकलीच काय खाती गं?" झालं! तिला एक दिली. तिनं मेहताबभाभीला सांगितलं. तिचेबी गुडघे कुरकुरत्यात, तिला न्हाई कसं म्हनायचं?

डबाच देऊन टाकला असता, पन राजेश्वरीला मी वळखते. ताप आला की तीन दिवसाच्या गोळ्या ती एका टायमाला गिळती, म्हंजी लवकर गुन येतो! म्हनून डबा माझ्यापाशी, आन रोज सकाळी एकेक गोळी दोघींच्या हातात पोचवायची. राजेश्वरी ऱ्हाती किल्ल्याच्या खाली, मेहताबभाभी पार बाजारतळाला. पहिल्या दिशी बया बया करीत चार ठिकानी बसले. मेहताबभाभी चहा ठेवायची. चहा होईस्तवर आमी दोघी खाटंवर बसून, डॉक्टरनं सांगितलं तसं पाय ताठ करून धरायचो आन एकमेकींला हसायचो. पुढच्या महिन्याचा डबाबी असाच गेला. माझ्या वाट्याला गोळी काय उरली न्हाई.

दोन महिन्यांनी पंकज आला. डॉक्टरनं खुर्ची मांडली. हात छातीशी धरले आन उठले. एकदा न्हाई, पाच येळा!

"बघितलं डॉक्टर? गोळ्या लागू पडल्या!" पंकज आनंदानं वरडला.

मला ऱ्हावलं न्हाई. "एकबी खाल्ली न्हाई रं," म्हनून सगळं सांगून टाकलं.

पंकज लालबुंद. डॉक्टर आदी हसले, मंग मलाच झापलं. "मावशी, ह्या गोळ्यांनी गादी वाचतेच असा पक्का पुरावा नाही. तुमचं चालणं आणि व्यायाम कामाला आला. पण औषध असं वाटत फिरायचं नाही. कुणाला रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर?"

मी कान धरले. चुकलंच माझं.

येताना गाडीत पंकज फुगून बसला हुता. "शब्द दिलाय, राहा इथं. पण गोळ्या बंद."

"कर बंद. मला लिमलेटच्या गोळ्यांचा डबा घे."

"त्या कशाला आता?"

"सकाळी कुनाचं दार वाजवायचं तर हातात काय तरी लागतं, बाबा. तुझ्या पुण्यात समोरच्या दाराआड कोन ऱ्हातं, सांग बरं?"

"नाव माहीत नाही गं," पंकज म्हनला. मंग दुकानापुढं गाडी थांबवून तो लिमलेटचे दोन डबे घेऊन आला. एक माझ्या मांडीवर ठेवला, आन दुसरा आपल्या पुण्याच्या पिशवीत टाकला.